जातिवंत कुत्रं आणि टू-बीएचके

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. "तू नेटवर दिवसभर काही ना काही वाचतच असतोस, तर एक काम कर. लेकरांसाठी कुत्रं कुठल्या जातीचं घ्यावं ते शोधून सांग." भाचा सात वर्षांचा, भाची अडीचची. घर पुण्यात, चौथ्या मजल्यावर, टू-बीएचके. दाजींचं मत लॅब्रॅडॉर. भाच्याला हस्की पाहिजे, कारण त्याचे डोळे निळे असतात. ताईच्या सासूबाईंचं मत एका शब्दाचं आहे : "कशाला?"

आता इंजिनिअर माणसाला असा प्रश्न विचारला की तो आधी एक्सेल शीट उघडतो. मीही उघडली. पहिला कॉलम जात, दुसरा उंची, तिसरा केस गळणे, चौथा 'लहान मुलांशी वर्तन'. चौथ्या कॉलमपाशी गाडी अडली. ज्या साइटवर जावं तिथे 'कुटुंबासाठी सर्वोत्तम दहा जाती' अशी यादी, आणि यादीतलं कुटुंब अमेरिकेतलं. मागे अंगण, पुढे हिरवळ. एका साइटवर एक जात 'अतिशय शांत', तर दुसऱ्या साइटवर तीच 'मुलांपासून जपा'. डेटाच असा असेल तर शीटचा काय उपयोग? मग म्हटलं, मुळापासून बघू. कुत्र्याची 'जात' ही भानगड आली कुठून? आणि आपल्याकडे लेकरांच्या घरात कुत्रं कसं येत होतं?

आमचं गाव नारायणगडाच्या पायथ्याकडचं. बीड जिल्ह्याबाहेरच्यांना हा गड फारसा माहीत नसतो. २०२४ च्या दसऱ्याला तिथे मोठा मेळावा झाला, तेव्हा पुण्यातल्या माझ्या टीममध्ये पहिल्यांदा कुणीतरी त्याचं नाव घेतलं. आमच्यासाठी मात्र तो नगद नारायण महाराजांचा गड, धाकटी पंढरी. एकादशीला माणसांची रीघ लागते, आणि माणसांमागे कुत्र्यांची. आमच्या आखाड्यावर कायम एक तरी कुत्रं असायचंच. (मराठवाड्याबाहेरच्या मंडळींसाठी : आखाडा म्हणजे शेतातली राहायची, गुरं बांधायची जागा. कुस्तीचा नव्हे.) पण ते विकत आणलंय, असं मी कधी ऐकलं नाही. कुणाच्या तरी वस्तीवर कुत्री व्यालेली असायची, त्यातलं एक पिल्लू पोत्यात घालून यायचं.

निवड नव्हती असं मात्र नाही. आज्जा पिल्लाची नखं मोजायचा. साध्या कुत्र्याला नखं अठरा, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. एखाद्याला मागच्या पायांनाही वरच्या बाजूला एकेक जास्तीचं नख असतं, म्हणजे वीस. हे 'वीसनखी' कुत्रं राखणीला भारी, असा समज. पिल्लाला मानेला धरून उचलायचं, केकाटलं तर भित्रं, गप्प राहिलं तर दमाचं, ही दुसरी चाचणी. (कान धरून उचलणारेही होते. कृपया करू नका.) आता नखांचा आणि दमाचा काही संबंध नाही, हे मी शहाण्यासारखं सांगणार होतो. पण शोधताना कळलं की फ्रान्समध्ये बोसरॉन नावाचं मेंढपाळांचं कुत्रं आहे आणि त्याच्या अधिकृत मानकात मागच्या पायांना दुहेरी नखं असलीच पाहिजेत, असं लिहिलंय. म्हणजे आज्जाचा समज आणि पॅरिसवाल्यांचा नियम एकाच माळेचे मणी! फरक इतकाच, की आज्जाचा समज कुणी छापला नाही.

आणखी एक गोष्ट तिथे होती, आणि ती मला शीटमधल्या सगळ्या कॉलमांपेक्षा महत्त्वाची वाटते. गावात कुत्र्याला कुणी शिकवत नसे, शिकवत असत ते लेकरांना. कुत्रं भाकर खात असताना जवळ जायचं नाही. व्यालेल्या कुत्रीच्या पिल्लांना हात लावायचा नाही. झोपलेल्याला पाय लावायचा नाही. अनोळखी कुत्रं दिसलं तर पळायचं नाही. हे नियम मला कुणी समजावून सांगितल्याचं आठवत नाही, पाठीत धपाटे मात्र आठवतात. कुत्र्याला मिठी मारणं, त्याच्या अंगावर बसणं हा प्रकारच नव्हता. ते अंगणात, आपण घरात.

हे नातं किती जुनं आहे त्याचा पुरावा आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात सापडलाय. प्रवरेच्या काठी, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दायमाबाद नावाचं ताम्रपाषाणयुगीन गाव आहे. १९७४ साली तिथे छबू लक्ष्मण भिल्ल या गावकऱ्याला झाडाचं खोड उकरताना तांब्या-काशाच्या चार वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ. रथ जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब, त्यात उभा माणूस. या रथाचा फोटो आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलाय, पण माणूस आणि बैल यांच्या मधे, रथाच्या दांडीवर कोण उभं आहे ते बघायचं राहून जातं. कुत्रं आहे ते! चार हजार वर्षांच्या आसपासचं, नीट तोल सांभाळून उभं. दिवाळीनंतर आमच्याकडून ऊसतोडीला माणसं निघतात, तेव्हा बैलगाडीच्या मागे किंवा थेट सामानावर बसून एखादं कुत्रंही जातं. मला त्या दांडीवरच्या कुत्र्यात तेच दिसतं. आता कारागिराच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक.

मधल्या काळातलं फार सांगत बसत नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं, दत्ताच्या भोवती चार असतात, आणि खंडोबाचे वाघ्ये पूर्वी कुत्र्यासारखं भुंकून कोटंब्यातलं अन्न खात. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट वारकऱ्याच्या घरातलं प्रत्येक लेकरू ऐकून मोठं होतं. त्याच घरात 'कुत्र्याच्या मौतीनं मरशील' ही शिवीही असतेच. आपलं असं दोन्ही बाजूंनी चालतं. पण यात कुठेही जातीचा विषय नाही. नामदेवांचं कुत्रं कुठल्या ब्रीडचं होतं, हे आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही.

जातीचा विषय येतो तो शिकारीत, म्हणजे राजेरजवाड्यांत. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावी एक वीरगळ होता, आता तो बंगळुरूच्या संग्रहालयात आहे. साल ९४९-५०. त्या वेळी आमच्या बीडपासून पार खाली दक्षिणेपर्यंत राष्ट्रकूटांची सत्ता होती. राष्ट्रकूट कृष्ण तिसरा आणि त्याचा गंग सरदार बूतुग यांनी चोळांचा पराभव केला, आणि त्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीराला 'काय पाहिजे ते माग' म्हटलं. गड्याने मागितलं काय, तर राजाचं 'काळी' नावाचं शिकारी कुत्रं. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघंही मेले. मणलेराने तिच्या नावाने दगड उभा केला, वर झुंजीचं चित्र कोरलं, आणि त्या दगडाच्या पूजेसाठी जमीनही लावून दिली. कुत्रीसाठी जमीन! आज तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर अकाउंट निघालं असतं. :-)

दख्खनच्या या शिकारी कुत्र्यांचेच आजचे भाऊबंद म्हणजे कारवानी, पश्मी आणि मुधोळ. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. वासापेक्षा डोळ्यांनी सावज हेरायचं आणि धावून गाठायचं, हे यांचं काम. अरबस्तानातली सलुकी, मध्य आशियातली ताझी यांच्याशी यांचं नातं सांगतात. तिकडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, ही कुत्री दख्खनमध्ये आली म्हणून 'कारवानी', असं मानलं जातं. लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव आजही या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. मुधोळ हे मात्र घोरपड्यांचं संस्थान, आता कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत या कुत्र्यांची पैदास नीट हातात घेतली, आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली, असं सांगतात. त्यावरून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं. गंमत म्हणजे एकाच कुत्र्याला आपल्या देशातला एक केनेल क्लब 'कॅरव्हान हाउंड' म्हणतो आणि दुसरा 'मुधोळ हाउंड'. दोन टीमनी एकाच मॉड्यूलला दोन नावं द्यावीत तसं.

पुढे या जातीचे दिवस पालटले. ९ जानेवारी २००५ ला डाक विभागाने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. २०१६ च्या सुमारास सैन्याच्या मेरठच्या केंद्रात मुधोळची पिल्लं चाचणीसाठी गेली. ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्री पाळा म्हणून सांगितलं, त्यातही मुधोळचं नाव होतं. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या दोन मराठवाडी पोरांनी पुण्यात कारवानी आणले. कारण विचारलं तर उत्तर एकच : "आपल्याकडचंय भाऊ."

इथे माझाही पाय घसरायला आला होता, हे सांगितलं पाहिजे. विदेशी लॅब्रॅडॉरपेक्षा आपल्या मातीतलं, ताईच्या माहेरच्या बाजूचं कुत्रं का नको? ऐकायला छान वाटतं. पण जरा थांबून त्या कुत्र्याचं काम बघा. मोकळ्या माळावर ससा दिसला की सुटायचं, हे शेकडो वर्षांचं त्याचं ट्रेनिंग. ते बुजरं असतं, अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, आणि अडीच वर्षांच्या पोरीला तर दिसेल त्या शेपटीला हात लावायचा असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजर दिसल्यावर त्याच्या दोरीचं दुसरं टोक सात वर्षांच्या मुलाच्या हातात असेल तर काय होईल, याचा विचार करा. मला हा प्राणी अतिशय देखणा वाटतो. पण माळरानासाठी घडवलेलं जनावर केवळ अभिमानासाठी चौथ्या मजल्यावर ठेवणं हा त्याचा मान नाही.

बरं, मग ही 'ब्रीड' नावाची कल्पना आपल्या मध्यमवर्गात कधी शिरली? त्यासाठी इंग्रजांकडे जावं लागेल. इंग्रज मुंबईत आले ते स्वतःची कुत्री घेऊन, आणि इथल्या गावठी कुत्र्यांना त्यांनी नाव दिलं 'परिया डॉग'. या नावातच सगळं आलं. बेवारस कुत्री मारण्याचे हुकूम निघाले, मारणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळत, आणि पैशांच्या लोभाने पोलीस घरादारातलीही कुत्री उचलू लागले. जून १८३२ मध्ये मुंबईच्या फोर्टात यावरून मोठा दंगा झाला. पुढाकार पारशी समाजाचा, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. बाजार बंद पडले, सैन्य आणावं लागलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून आज जे वाद टीव्हीवर दिसतात, ते या शहराला नवे नाहीत.

इकडे इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी प्रकारांचं. १८७३ मध्ये लंडनचा केनेल क्लब निघाला, वंशावळीची वही सुरू झाली. त्याआधी कुत्र्यांचे प्रकार नव्हते असं नाही. पण ते कामावरून ओळखले जात : मेंढ्यांचं, शिकारीचं, राखणीचं, उंदीर मारायचं. आता ते दिसण्यावरून ओळखले जाऊ लागले. बंद वही, ठरलेलं मानक, बाहेरचं रक्त बंद. आज आपण ज्याला 'प्युअर ब्रीड' म्हणून हजारो रुपये मोजतो ती कल्पना जेमतेम दीडशे वर्षांची आहे. दायमाबादच्या कुत्र्याच्या हिशोबात कालची.

दीडशे वर्षांत घडलेली असली तरी या जातींच्या पोटात कुणाचं तरी काम दडलंय, आणि ते वाचायला मजा येते. डोबरमन हे नाव जर्मनीतल्या अपोल्डा गावच्या कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमनचं. हा गृहस्थ करवसुली करायचा, आणि वसुलीला जाताना बरोबर दणकट कुत्रं पाहिजे म्हणून त्याने ही पैदास सुरू केली. (रिकव्हरी एजंटचं कुत्रं!) अल्सेशियन म्हणजेच जर्मन शेफर्ड हे १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्स या लष्करी अधिकाऱ्याने मेंढपाळांच्या कुत्र्यांतून उभं केलं. डॅशहंड बिळात घुसून बिज्जू काढायला. हस्कीचे पूर्वज सायबेरियातल्या चुकची लोकांच्या घसरगाड्या ओढत. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा लेकरांना वाचवायचं औषध अशाच कुत्र्यांच्या गाड्यांनी, टोळ्या बदलत, सुमारे हजार किलोमीटर बर्फातून साडेपाच दिवसांत पोचवलं. भाच्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो खूश झाला, कारण त्याची बाजू भक्कम झाली असं त्याला वाटलं. मी म्हटलं, बाबा रे, ज्याला शून्याखालच्या थंडीत दिवसाला शंभर किलोमीटर ओढायला बनवलंय त्याला एप्रिलमध्ये हॉलमध्ये कोंडायचं? आणि सुट्टीत बीडला नेलंस तर?

लॅब्रॅडॉर मूळचा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा. गार पाण्यात उडी मारायची, जाळ्यातून निसटलेला मासा तोंडात धरून आणायचा, तोही न चावता. तिथून तो इंग्लंडच्या उमरावांनी नेला आणि मारलेली बदकं आणायला लावला, १९०३ मध्ये केनेल क्लबने मान्यता दिली. 'तोंड मऊ' आणि 'माणसाशी जुळवून घेणारा', हे दोन्ही गुण त्याच्या कामातून आलेत, म्हणून दाजींचं मत अगदीच हवेत नाही. पण पाण्यात दिवसभर राबणाऱ्याची भूकही बरोबर आलीय. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गायब असतो आणि त्यामुळे त्याला सतत खा-खा सुटते. पुण्यातल्या सोसायट्यांत जे चौरंगासारखे सपाट पाठीचे लॅब दिसतात त्यांचं रहस्य हे, आणि उरलेलं रहस्य म्हणजे टेबलाखालून पोळी सरकवणारी लेकरं.

आपल्याकडे मात्र कुत्रं ठरवलं ते कामाने नाही, पडद्याने. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला आणि टफीने घराघरांत पांढरं केसाळ कुत्रं नेलं. सगळे त्याला पॉमेरेनियन म्हणायचे, पण आपल्याकडचे बहुतेक 'पॉम' हे इंडियन स्पिट्झ. मग २००३ मध्ये हचची जाहिरात आली. लहान मुलगा पुढे आणि पग मागे, शाळेत, न्हाव्याकडे, सगळीकडे. आपल्या पिढीच्या डोक्यात 'मूल आणि कुत्रं' म्हटलं की आजही तेच चित्र येतं. पगचं सपाट नाक गोंडस दिसतं, पण त्यातून त्याला श्वास धड घेता येत नाही, आणि कुत्रं जिभेवाटे धापा टाकूनच अंग गार करतं. ज्याला धापाच नीट टाकता येत नाहीत ते मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काय करणार? जाहिरातीतला मुलगा हिरव्यागार गावात चालत होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर हस्कीची लाट, मग आणखी कशाची. प्रत्येक लाट ओसरल्यावर त्या त्या जातीची मोठी झालेली, आजारी पडलेली कुत्री रस्त्यावर किंवा निवाऱ्यात दिसायला लागतात. फॅशन जुनी झाली की मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकता येतो. हे तसं नाही ना.

आता मूळ प्रश्न : लहान मुलांसाठी सुरक्षित जात कुठली? इथे मला वाटलं होतं की 'काम बघा, स्वभाव कळेल' एवढं उत्तर पुरेल. पण प्रकरण इतकं सरळ निघालं नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये मालकांकडून माहिती घेऊन जातींची तुलना केली, तर आक्रमकतेत वर आले डॅशहंड, चिवावा आणि जॅक रसेल. सगळे मांडीत मावणारे. 'छोटं घर, छोटी मुलं, म्हणून छोटं कुत्रं' या हिशोबाला पहिली फोडणी इथेच. मग २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये अठरा हजारांवर कुत्र्यांच्या माहितीचा आणि त्यांतल्या सुमारे दोन हजारांच्या जनुकांचा अभ्यास आला. निष्कर्ष : दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ९ टक्के जातीमुळे असतो. बाकीचा त्या एका कुत्र्याचा, त्याच्या वाढीचा, त्याच्यावर काय गुदरलं त्याचा. म्हणजे जात तुम्हाला आकार, केस, उष्णता सोसण्याची ताकद, व्यायामाची आणि खाण्याची गरज हे बऱ्यापैकी सांगते. 'हे कुत्रं माझ्या पोरीशी कसं वागेल?' याचं उत्तर जातीच्या कॉलममध्ये नाही, ते समोरच्या कुत्र्यात आहे.

सरकारलाही हा मोह आवरला नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर बंदी घालण्याबद्दल राज्यांना पत्र पाठवलं. संबंधितांना न विचारता काढलंय म्हणून कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी एप्रिलमध्ये ते रद्द ठरवलं. पिटबुल चावला तर जखम मोठी होते हे खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण यादीत नसलेलं कुत्रं म्हणजे बिनधोक, असा अर्थ निघायला नको.

तर ताईला मी सांगितलं ते असं. भाची चार-पाच वर्षांची होईपर्यंत थांबता आलं तर थांब. तोवर भाच्याला आज्जाच्या आखाड्यावरचे नियम शिकव, धपाट्याविना. नंतर घ्यायचंच असेल तर पिल्लू घेऊ नको. दोन-तीन वर्षांचं, स्वभाव ठरलेलं गावठी कुत्रं घे, जे कुणाच्या तरी घरी लेकरांत राहून आलंय. एकदा नाही, चार वेळा लेकरांना घेऊन त्याला भेटायला जा, आणि ते लेकरांकडे स्वतःहून येतंय की कोपऱ्यात सरकतंय ते बघ. आपल्या उन्हाला आणि आपल्या अन्नाला त्याचं शरीर सरावलेलं असतं, आणि रक्त मिसळलेलं असल्यामुळे बंद वहीतली दुखणी त्याला कमी. त्याची कुठली जातच नाही, म्हणून दाखवायला काही नाही, हा एकच तोटा. लॅब घ्यायचाच असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ त्याला कोण पळवणार हे आधी नाव घेऊन ठरवा. कुत्रं लेकरांसाठी म्हणून येतं आणि सहा महिन्यांनी आईच्या गळ्यात पडतं, हे मी तीन घरांत पाहिलंय. "आणि मी कामावर कधी जाऊ?" हा ताईचा प्रश्न मी तसाच दाजींकडे फॉरवर्ड केलाय. आणि घरात कुठलंही कुत्रं असो, भाची आणि ते एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय पाच मिनिटंही नकोत.

एक विषय मुद्दाम शेवटी ठेवला, तो म्हणजे रेबीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संशयित पिसाळलेलं जनावर चावलेल्यांपैकी ४० टक्के ही पंधरा वर्षांखालची मुलं असतात. लेकरं घरी सांगत नाहीत, कारण रागावतील. आमच्या गावात अजूनही चावलं की मिरची-हळद भरणारे आहेत, आणि कुणीतरी 'पोटात चौदा इंजेक्शनं' म्हणून घाबरवणारंही असतं. ती चौदा इंजेक्शनं खरी होती. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली, आणि १९११ मध्ये हिमाचलमधल्या कसौलीला डेव्हिड सेंपलने मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. आपल्या आज्ज्या-पणज्यांनी पोटात टोचून घेतली ती हीच. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या शेवटी बंद झालं, तरी तिची भीती शिल्लक आहे. ती मोडून काढा, कारण त्या भीतीपोटीच माणसं दवाखान्यात जायला उशीर करतात, आणि एकदा लक्षणं दिसली की या रोगावर औषध नाही. आता इंजेक्शन दंडावर, चार किंवा पाच वेळा. जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं वेगळं औषध, इम्युनोग्लोब्युलिन, तेही द्यावं लागतं, आणि ते तालुक्याच्या दवाखान्यात असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारायचं. घरच्या कुत्र्याची लस दर वर्षी, तारीख कॅलेंडरवर. आणि रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला टोकाशी त्रिकोणी काप दिसला, तर नसबंदी झालीय आणि तेव्हा त्याला लसही टोचली होती, एवढंच समजायचं. लसीला किती वर्षं झाली, ते कानावर लिहिलेलं नसतं.